गळा उत्तम असला की गायक मोठा होतो का?

प्रश्न एका २१ वर्षांच्या मुलीचा आहे. तिने लिहिलंय: "आठ वर्षं गाणं शिकतेय. स्पर्धांमध्ये नंबर येतो, ऐकणारे म्हणतात आवाज म्हणजे देणगी आहे. गेल्या दोन वर्षांत स्वतःची चार गाणी रेकॉर्ड करून प्रसिद्ध केली, ती कुणी ऐकलीच नाहीत. माझ्याहून कितीतरी साध्या आवाजाचे लोक मात्र गाजतायत. लोकप्रिय संगीतात नाव व्हायला आवाज हीच सगळ्यांत मोठी गोष्ट असते का? का मी आठ वर्षं भलत्याच गोष्टीवर घालवली?"

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. तुझे प्रश्न दोन आहेत, म्हणून उत्तरंही दोन देते. आवाज ही सगळ्यांत मोठी गोष्ट नाही. आणि तुझी आठ वर्षं वायाही गेलेली नाहीत. पहिलं उत्तर ऐकून लोक खट्टू होतात, म्हणून ते नीट उलगडून सांगते.

मी चोवीस वर्षं आवाजावर काम करतेय. पहिली नऊ-दहा वर्षं कोरसमध्ये उभी राहिले आणि स्क्रॅच गायले. स्क्रॅच म्हणजे मुख्य गायक यायच्या आधी चाल पक्की करण्यासाठी जे गाणं कुणाकडून तरी गाऊन घेतात ते. नंतर काचेच्या पलीकडे गेले. आता गायकांकडून रेकॉर्डिंग करून घेते, टेक (एकेका वेळी गाऊन झालेलं रेकॉर्डिंग) निवडते आणि उरलेल्या वेळात शिकवते. कोरसमध्ये उभं राहिल्यावर एक गोष्ट लवकर कळते. खोलीतला सगळ्यांत तयार गळा पुष्कळदा मागच्या रांगेत असतो. सुरात पक्का, तीन सप्तकं सहज फिरणारा, कागदावरचं नोटेशन एका नजरेत वाचणारा. पुढे माईकवर जो गातोय त्याला यातलं निम्मंही येत नसतं. यात अन्याय आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. पुढे काचेपलीकडे बसल्यावर त्यामागची कारणं दिसायला लागली.

हे जगभर असंच आहे. १९६२ साली अमेरिकेत 'ही इज अ रेबेल' हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. तबकडीवर नाव होतं 'द क्रिस्टल्स' या गटाचं, पण गायली होती डार्लीन लव्ह. तिचा गळा कुठल्याही प्रसिद्ध गायिकेच्या तोडीचा होता, आणि लोकांना नाव माहीत नव्हतं. मेरी क्लेटनचंही तसंच. १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या एका गाण्यासाठी तिला रात्री स्टुडिओत बोलावलं. तिथे ती जे गायली, त्यात वरच्या सुरावर तिचा आवाज फाटतो, आणि ते फाटणं आजही ऐकताना अंगावर येतं. पण तिचे स्वतःचे अल्बम त्या उंचीवर कधी पोहोचले नाहीत. आता तिसरा माणूस बघ. ल्यूथर व्हँड्रॉस. १९७५ मध्ये तो डेव्हिड बोवी या रॉक गायकाच्या मागे कोरस गात होता. १९८१ मध्ये स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन पुढे आला आणि त्या काळातल्या मोठ्या गायकांत जाऊन बसला. या सहा वर्षांत त्याचा गळा बदलला नव्हता. गाणं त्याचं स्वतःचं झालं होतं.

यावर कुणी म्हणेल, मग चेहराच महत्त्वाचा. त्यासाठी 'मिली व्हॅनिली' या जोडीची हकिकत पुरी व्हायला हवी, कारण लोक ती अर्धीच सांगतात. रॉब पिलाटस आणि फॅब मॉर्व्हन हे दोन देखणे तरुण नाचत ओठ हलवायचे, गायलेले आवाज दुसऱ्यांचेच होते. फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट नवोदिताचं ग्रॅमी मिळालं आणि खरं बाहेर आल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात ते काढून घेण्यात आलं. गोष्ट इथेच थांबवली तर वाटतं, चेहऱ्याने आवाजाला फसवलं. पण पुढे काय झालं? ज्यांनी खरं गायलं होतं त्यांना समोर आणून अल्बम काढला, त्याला पहिल्याच्या जवळपासचंही यश आलं नाही. मग त्या दोघा तरुणांनी स्वतःच्या आवाजात अल्बम काढला, तोही चालला नाही. आवाज एकटा पुरला नाही, चेहराही एकटा पुरला नाही. ऐकणाऱ्याच्या मनात त्या दोन्हींतून एक माणूस तयार झाला होता, आणि तो माणूसच खोटा निघाला.

आता 'चांगला आवाज' म्हणतात तो कशाला, ते बघू. स्पर्धेत परीक्षक काय मोजतात? सूर, पल्ला, ताकद, तानेची सफाई. ही मोजमापं बऱ्याच अंशी माईकच्या आधीच्या जगातली आहेत. तेव्हा गाणाऱ्याला सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या छातीच्या बळावर पोहोचायचं असे. ऑपेराचे गायक आजही ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला अशी धार आणतात की मागे साठ-सत्तर वाद्यं वाजत असली तरी शब्द वर तरंगतो. रेकॉर्डिंगसुद्धा सुरुवातीला भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गाऊनच व्हायचं. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा माईक रेकॉर्डिंगमध्ये आला आणि गाण्याचं गणितच पालटलं. बिंग क्रॉस्बीसारखा गायक कानाशी बोलल्यासारखा गायला लागला. आपल्याकडे कुंदनलाल सैगल हेच करत होते. त्यांचं रीतसर शास्त्रीय शिक्षण झालेलं नव्हतं, पण माईकजवळ शब्द कसा ठेवायचा हे त्यांना जितकं कळलं तितकं त्यांच्या काळात फार थोड्यांना कळलं.

माईक म्हणजे भिंग. तो आवाजाचा आकार मोठा करतोच, शिवाय श्वास, ओठांचा ओलावा, शब्दाच्या सुरुवातीचं किंचित अडखळणं, सगळं दाखवतो. तोंड माईकच्या जवळ नेलं की खालचे सूर भरदार होतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस माझ्या उशाशी बसलाय. ही जवळीक ताकदीने मिळत नाही. उलट ताकद लावली की ती पळते. स्पर्धांमधून आलेल्या मुलामुलींचं पहिलं रेकॉर्डिंग मी करते तेव्हा माझा निम्मा वेळ त्यांना हळू गायला सांगण्यातच जातो. त्यांना वाटतं, हळू गायलं तर आपली आठ वर्षांची मेहनत दिसणार कशी?

लतादीदींचं उदाहरण लोक नेहमी 'देवाने दिलेला गळा' म्हणून देतात. पण सुरुवातीला निर्माते शशधर मुखर्जींनी तोच गळा 'फार पातळ' म्हणून नाकारला होता. तेव्हाच्या जाड, ठसठशीत नायिकेच्या आवाजाच्या मापात तो बसत नव्हता. गुलाम हैदर आणि खेमचंद प्रकाश या संगीतकारांनी त्याच पातळपणात काय आहे ते ओळखलं. १९४९ च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' गाजलं तेव्हा तबकडीवर गायिकेचं नावही नव्हतं. पडद्यावरच्या पात्राचं, 'कामिनी'चं नाव होतं. लोकांनी विचारून विचारून नाव शोधून काढलं. त्या गाण्याच्या सुरुवातीला आवाज दुरून जवळ येतो. तेव्हा तो परिणाम यंत्राने साधायची सोय नव्हती. लतादीदी खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माईककडे चालत आल्या आणि बरोबर क्षणी माईकपाशी पोहोचल्या. यात देणगी किती आणि समज किती, तूच विचार कर.

तलत महमूदचा आवाज थरथरायचा. स्पर्धेच्या मोजमापात हा दोषच. तो थरथराट लपवायचा प्रयत्न करणाऱ्या तलतला संगीतकार अनिल विश्वासांनी सांगितलं की मला तोच हवाय, आणि १९५० च्या 'आरजू'पासून तो कंप हीच त्याची सही झाली. मुकेशच्या सुराबद्दल जाणकार कुरकुरायचे, पण त्याचा एक शब्द ऐकला की पुढचं नाव विचारावं लागत नसे. मला विचारशील तर आवाजाच्या बाबतीत हीच कसोटी खरी. दोन सेकंदांत ओळखू येतो का? शिक्षण आपल्याला दोष घालवायला शिकवतं, आणि ते बरोबरही आहे, पण दोष घालवता घालवता ओळखही धुऊन निघते हे मी पुष्कळदा पाहिलंय. दहा उत्तम शिकलेले गळे ओळीने ऐकले तर कधी कधी मलाही सांगता येत नाही की कोणता कुणाचा.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे गाणं. लोक आवाज ऐकत नाहीत, गाणं ऐकतात. हे मला पटायला फार वर्षं लागली.

डॉली पार्टनने १९७३ मध्ये लिहिलेलं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' घे. तिने ते जवळजवळ बोलल्यासारखं, निरोप घेताना गळा दाटून यावा तसं गायलं, आणि १९७४ मध्ये ते अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या यादीत पहिलं आलं. १९८२ मध्ये पुन्हा गायली, पुन्हा पहिलं. मग १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं सुरुवातीला एकाही वाद्याशिवाय धरलं आणि शेवटी आकाशाला नेऊन भिडवलं. ते चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. दोन गळ्यांत जमीन-अस्मानाचा फरक. एकीने कुजबुज केली, दुसरीने मनोरा उभा केला. टिकून राहिलं ते मधलं गाणं. व्हिटनीचा गळा सामान्य होता असं मला म्हणायचं नाही, तसा गळा एका पिढीत एखादाच होतो. पण एवढी ताकद पेलणारं गाणं तिला मिळालं म्हणून ती ताकद दिसली.

बॉब डिलनचं याच्या उलट. त्याचा आवाज घोगरा, नाकातला, भल्याभल्यांना न आवडणारा. १९६३ मध्ये त्याचं एक गाणं 'पीटर, पॉल अँड मेरी' या गोड गळ्याच्या त्रयीने गायलं आणि ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पण गोड आवाजात ते ऐकून लोक शेवटी त्या घोगऱ्या आवाजाकडेच वळले, कारण शब्द त्याचे होते. २०१६ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं.

किशोरकुमारचं उदाहरण मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. १९४८ मध्ये 'जिद्दी'साठी त्याला पहिल्यांदा गायला लावलं ते खेमचंद प्रकाश यांनीच. शास्त्रीय शिक्षण नाही, म्हणून सलील चौधरींनाही सुरुवातीला त्याच्याबद्दल शंका होती. पुढची वीस वर्षं तो गात होता, त्याची चांगली गाणी आली, पण आघाडीचा गायक म्हणून नाव दुसऱ्यांचं घेतलं जायचं. १९६९ मध्ये 'आराधना' आला आणि एका वर्षात चित्र उलटं झालं. चाळिशीला आलेल्या माणसाचा गळा एका वर्षात सुधारत नाही. नवा नायक, नव्या चाली, तरुण व्हायला निघालेला ठेका, आणि त्या सगळ्याला हवा असलेला मोकळा, खेळकर पुरुषी आवाज. तो आवाज वीस वर्षं तिथेच होता, त्याच्या मापाची गाणी आता आली होती.

आता तुझ्या स्पर्धांबद्दल बोलते. इथे थोडी कठोर होणार आहे. स्पर्धेत तू कोणती गाणी गातेस? आधीच गाजलेली. म्हणजे त्या गाण्यातलं सगळ्यांत अवघड काम, अनोळखी माणसाने अनोळखी चाल पुन्हा ऐकावीशी वाटणं, कुणीतरी तुझ्या आधीच करून ठेवलंय. परीक्षकांच्या आणि श्रोत्यांच्या मनात गाण्याबद्दलचं प्रेम तयार आहे, तुला फक्त त्याला धक्का लावायचा नसतो. त्यामुळे स्पर्धा फक्त गळा मोजू शकते. जेनिफर हडसन २००४ मध्ये 'अमेरिकन आयडल'मध्ये सातवी आली आणि २००७ मध्ये तिने अभिनयासाठी ऑस्कर घेतलं, कारण मधल्या काळात तिला एक भूमिका आणि त्या भूमिकेचं गाणं मिळालं. अरिजित सिंग २००५ च्या 'फेम गुरुकुल'मधून विजेता न होता बाहेर पडला. 'आशिकी २' आला २०१३ मध्ये. मधली आठ वर्षं तो संगीतकारांच्या हाताखाली प्रोग्रॅमिंग करत होता, दुसऱ्यांची गाणी बांधत होता. मी कोरसमध्ये असताना अशी मुलं पाहिली आहेत, जी गायला आलेली असतात पण ब्रेकमध्ये अरेंजरच्या (वाद्यमेळ बांधणाऱ्याच्या) मागे जाऊन उभी राहतात आणि विचारतात, इथे बास का थांबवला? तीच पुढे जातात असं मी छातीठोकपणे नाही सांगणार, पण जी पुढे गेली त्यांत तशी बरीच होती.

मग गळ्याच्या कौशल्यात खरोखर कामाचं काय? माझ्या मते शब्दफेक आणि लयीतली जागा. जॅझ गायिका बिली हॉलिडेचा पल्ला जेमतेम सप्तकभर, त्याहून थोडासा जास्त. तुझा नक्कीच त्यापेक्षा मोठा असेल. पण ती शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवायची, जणू म्हणावं की नाही असा विचार करून मग म्हणतेय. त्या मागे राहण्यात सगळं दुःख होतं. गायक फ्रँक सिनात्रा टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदात असताना, डॉर्सी ट्रॉम्बोन वाजवायचा तेव्हा त्याचं निरीक्षण करायचा. श्वास कुठे चोरतो, वाक्य कुठवर ताणतो ते बघायचा. मग त्याने पोहून, धावून दम वाढवला. उंच सूर लावायला दम वाढवला नव्हता. वाक्य अर्थाच्या मध्येच तुटू नये म्हणून वाढवला होता.

याबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. रेकॉर्डिंगच्या कामात नवीन होते तेव्हा एका गायकाचा टेक माझ्याकडे आला. एका ओळीत 'परत' हा शब्द तो जरा उशिरा म्हणाला होता आणि सूर केसभर खाली होता. रात्री बसून मी तो शब्द सुरात ओढला, ठेक्यावर आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी संगीतकारांनी ऐकलं आणि मूळ टेक मागितला. दोन्ही शेजारी शेजारी वाजवले. माझ्या दुरुस्त केलेल्या ओळीत काहीच चूक नव्हती, आणि ती ऐकून कुणालाही काही वाटत नव्हतं. मूळ ओळीत माणूस परत यायला कचरत होता. त्या दिवसापासून कोणताही सूर दुरुस्त करण्याआधी मी तो डोळे मिटून दोनदा ऐकते.

सुराचं म्हणशील तर तो आता यंत्रातही मिळतो. १९९७ मध्ये ऑटोट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आलं. ते बनवणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधण्यासाठी जमिनीतल्या कंपनांचा अभ्यास करत असे. तेच गणित त्याने आवाजाला लावलं. १९९८ मध्ये शेर या गायिकेने ते मुद्दाम उघडपणे वापरलं, आणि आज बहुतेक रेकॉर्डिंगवरून त्याचा किंवा तशाच एखाद्या सॉफ्टवेअरचा हात फिरतो. म्हणजे फक्त सुरात गाता येणं यावर आता कुणाचा दरवाजा उघडत नाही. मात्र आपल्या गायकीत हे हत्यार जपून वापरावं लागतं. आपण एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेऊन, म्हणजे न तोडता घसरत जातो, कणस्वर (मुख्य सुराला ओझरता शिवणारा सूर) लावतो, आणि यंत्राला तो मधला प्रवास चूक वाटतो. सूर दुरुस्त करायचा वेग जरा जास्त ठेवला की मींडीच्या जिन्याच्या पायऱ्या होतात. तुझ्या चार गाण्यांवर ज्याने काम केलं त्याला एकदा विचार की हे सगळं कोऱ्या, यंत्राचा हात न लागलेल्या आवाजात कसं होतं, आणि तो कोरा आवाज माग.

एवढं सगळं सांगितल्यावर गळ्याच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर उत्तर एकांगी होईल. काही ठिकाणी गळा पहिला लागतोच. पार्श्वगायनात तुला आज एका नायिकेसाठी, उद्या दुसरीसाठी गायचंय, चाल तुझ्या सोयीची नसणार, वेळ तासाभराचा. तिथे तयारी नसेल तर तुला दुसऱ्यांदा कुणी बोलावणार नाही. आणि गायिका समर्थ असली की संगीतकारही धाडसी होतात. लता-आशांच्या काळात चाली जितक्या अवघड होत गेल्या, त्यात त्यांच्या गळ्यांचा मोठा वाटा आहे. याउलट रॅपमध्ये लय आणि शब्दच सगळं, तिथे पल्ल्याला कुणी विचारत नाही.

आणि मुख्य म्हणजे टिकणं. तू मध्य सप्तकातल्या सा-च्या वरचा एखादा ४४० हर्ट्झचा सूर लावतेस तेव्हा स्वरतंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. दोन तासांच्या कार्यक्रमात हे किती लाख वेळा होतं त्याचा हिशेब करून बघ. चुकीच्या पद्धतीने गाणाऱ्याच्या तंतूंवर गाठी येतात, रक्त साकळतं. अडेलने नोव्हेंबर २०११ मध्ये कार्यक्रम रद्द करून स्वरतंतूंची शस्त्रक्रिया करून घेतली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये मंचावर परत येऊन त्याच रात्री सहा ग्रॅमी नेली. ज्युली अँड्र्यूजची १९९७ ची शस्त्रक्रिया बिघडली आणि तिचा गाता आवाज गेला तो गेलाच. तुझी आठ वर्षं इथे कामाला येतात. श्वास, स्वर लावायची जागा, गळा न दमवता गाणं. गाणं गाजल्यावर महिन्यात वीस कार्यक्रम करायचे असतात, तेव्हा न शिकलेले गळे बसतात आणि शिकलेले तगतात. माझ्या डोळ्यांसमोर दोन जणांचं नाव होता होता हातातून गेलं, ते केवळ गळा टिकला नाही म्हणून. म्हणून रियाज सोडू नकोस. त्याच्याकडून जे अपेक्षित नाही ते मात्र मागू नकोस.

नशिबाचं काय, असंही तुला विचारायचं असेलच. त्यावर एक सुंदर प्रयोग झालाय. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी १४ हजारांहून अधिक लोकांना इंटरनेटवर ४८ अनोळखी गाणी ऐकायला दिली आणि २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही लोकांना इतरांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलंय ते दिसत होतं, काहींना दिसत नव्हतं. ज्यांना दिसत होतं त्यांचे आठ वेगळे गट केले होते, जणू आठ स्वतंत्र जगं. गाणी तीच, पण एका जगात अव्वल आलेलं गाणं दुसऱ्या जगात मधेच कुठेतरी अडकलं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत, आणि मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं. मला या प्रयोगाने धीर दिला. चार गाणी कुणी ऐकली नाहीत म्हणजे ती वाईट आहेत असं ठरत नाही. पण चार गाण्यांवरून काहीच ठरत नाही, हेही तितकंच खरं. चाळीस कर, मग बोलू.

अमेरिकन गायिका बिली आयलिशचं पहिलं गाजलेलं गाणं तिच्या भावाने लिहिलेलं होतं. घरातल्या खोलीत रेकॉर्ड केलं आणि २०१५ मध्ये इंटरनेटवर ठेवलं तेव्हा ती १३ वर्षांची होती. २०२० मध्ये तिने ग्रॅमीतले चारही प्रमुख पुरस्कार एकाच रात्री घेतले. तिचा आवाज बहुतेक वेळ कुजबुजीच्या पातळीवर असतो. तुझ्यासारख्या कुणाला वाटेल, यात काय एवढं? ती आणि तिचा भाऊ यांना त्या कुजबुजीसाठी गाणं कसं बांधायचं ते माहीत होतं. मागचा वाद्यमेळ इतका मोकळा ठेवला की श्वाससुद्धा वाद्यासारखा ऐकू येतो. तयार, दणदणीत गळा त्याच चालीवर ठेवला असता तर तो तिथे मावला नसता.

तुझी चार गाणी मी ऐकलेली नाहीत, पण अंदाज बांधते, चुकला तर सोडून दे. ती तू तुझ्या गळ्याला सगळ्यांत जास्त दाखवणाऱ्या पट्टीत गायली असशील. अंतऱ्यात एक उंच जागा असेल, शेवटी एखादी हरकत, म्हणजे सुरांची छोटी वेलबुट्टी. प्रत्येक ओळीत काहीतरी केलेलं असेल, नुसती सोडून दिलेली ओळ एकही नसेल. त्यातलं तुला सगळ्यांत कमी 'गायकीचं' वाटणारं गाणं निवड. काळी पाचमध्ये असेल तर खाली उतरून पांढरी पाचमध्ये गाऊन बघ, मग आणखी खाली पांढरी चारमध्ये. एकाच वाद्यावर. आधी पूर्ण कविता समोर कुणीतरी बसलंय असं धरून नुसती बोल. कुठे थांबतेस, कोणत्या शब्दावर आवाज आपोआप खाली येतो, ते कागदावर खूण करून ठेव. मग त्या खुणा न बिघडवता गा. हरकत एकही नको. फोनवर रेकॉर्ड केलंस तरी चालेल.

मग ते अशा कुणाला तरी ऐकव ज्याला तू गातेस हे माहीत नाही, आणि कोण गातंय ते सांगू नकोस. 'आवाज छान आहे' असं तो म्हणाला तर समज की त्याने गळा ऐकला, गाणं त्याच्यापर्यंत गेलं नाही. आठ वर्षं तुला हेच वाक्य ऐकू येतंय, आणि माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच वाक्यात होतं. 'पुन्हा लाव' म्हणाला, 'हे कुणावर लिहिलंय?' असं विचारलं, तर काहीतरी लागलंय. चार दिवसांनी त्याला मुखडा गुणगुणून दाखवायला सांग. चाल थोडी चुकली तरी हरकत नाही, तो कोणता शब्द धरून बसलाय ते ऐक, आणि पुढचं गाणं त्या शब्दापासून लिहायला घे. खालच्या पट्टीतलं ते रेकॉर्डिंग झालं की मला पाठव. ते यंत्राने दुरुस्त केलेलं नसावं.